फुलांचा हिशेब

माझ्या कपाटात एक लांब वही आहे. शाळेत हजेरीसाठी वापरतात तशी, जाड पुठ्ठ्याची. तिच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत तारीख लिहिली आहे : रविवार, ३० एप्रिल २०१७. त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह झाला. वहीत निकाहाविषयी मात्र काहीच नाही. आहेत ती फुले, बांबू, बर्फ, केक, रिक्षाचे भाडे आणि कोणाला किती पैसे दिले त्याचे आकडे. कितीतरी आकडे खोडलेले आहेत. एका पानावर पिवळा डाग आहे. तो झेंडूचा.

मी भिवंडीला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. हल्ली मोठ्या लग्नांत स्टेजची सजावट, केक, पाहुण्यांचे स्वागत असे सगळे पाहणारा एक ठेकेदार असतो. मुले त्याला 'इव्हेंटवाला' म्हणतात. वर्गात एकदा एका मुलाने विचारले, "सर, तुमच्या घरच्या लग्नात इव्हेंटवाला कोण होता?" मी म्हणालो, "मी होतो." सगळा वर्ग हसला. तेव्हा मी त्यांना ही हकीकत सांगितली होती. तीच आज लिहून काढतो.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. आमच्या अब्बांनी पस्तीस वर्षे यंत्रमागावर काम केले. मागांच्या खटखटीने त्यांचे कान मंद झाले आहेत. घरात त्यांच्याशी बोलताना आवाज थोडा चढवावा लागतो. बहिणीच्या लग्नासाठी त्यांनी एक लाख पंचाहत्तर हजार रुपये साठवले होते. कापूस झाडता झाडता साठवलेले पैसे, असे अम्मी म्हणायची.

मुलाकडची माणसे चांगली होती. त्यांनी काही मागितले नाही. तुम्हांला ठाऊकच आहे, की आपल्यात वलीमा मुलाकडचे देतात आणि मुलीकडच्या जेवणाचा थाट हा नुसता रिवाज आहे. त्यामुळे दोन्ही घरांनी मिळून निकाहाच्या संध्याकाळीच एक समारंभ ठेवायचे ठरवले. हॉल आणि जेवण त्यांनी पाहायचे. सजावट, केक आणि शरबत आम्ही. मला हे फार आवडले. इथपर्यंत सगळे सरळ होते.

मग मामू एका ठेकेदाराचा कागद घेऊन आले. स्टेज, फुले आणि तीन मजली केक मिळून सत्तर हजार रुपये. कागदावर रंगीत चित्र होते. स्टेजच्या मागे फुलांची भिंत, पुढे फुलांचे खांब. मामू म्हणाले, "एकच मुलगी आहे. लोक काय म्हणतील?" अब्बांनी चित्र हातात घेतले आणि बराच वेळ पाहिले. ते काही बोलले नाहीत. पण त्यांनी कागद परतही केला नाही.

त्या रात्री बहीण माझ्याजवळ आली. तिने तेव्हा बी.ए. केले होते आणि बी.एड.च्या प्रवेशासाठी अर्ज भरला होता. मी बी.एड. केले तेव्हा तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला, म्हणजे फीही दोन वर्षांची. सासरच्यांनी शिकायला हसत परवानगी दिली होती, पण पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे हात पसरणे तिला नको होते. ती हळूच म्हणाली, "भाईजान, फुलांशिवायही निकाह होतो ना? ते सत्तर हजार मला फीसाठी मिळाले तर?"

मला तिचे म्हणणे पटले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी अब्बांना मोठ्या आवाजात सांगून टाकले, "फुले वगैरे काही नको. उगाच खर्च आहे." शिक्षकाला वर्गात निकाल सांगायची सवय असते, तशीच ही गोष्ट मी सांगितली. अब्बांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "मला फुलं हवीत."

मला राग आला. मला वाटले, हेही मामूंसारखेच लोकांना घाबरतात. मी काहीतरी तोडून बोललो. तेव्हा अब्बा सावकाश म्हणाले, "माझ्या निकाहाच्या दिवशी तुझ्या दादीनं मोगऱ्याचा सेहरा आणला होता. मी सकाळपर्यंत मागावर होतो. सेहरा बांधला तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगाला सुताचा आणि तेलाचा वास येत नव्हता. लोकांचं मला काय करायचंय? माझ्या मुलीच्या अंगाला त्या दिवशी फुलांचा वास आला पाहिजे."

यावर मला काही बोलता आले नाही. अब्बांना फुले हवी होती आणि बहिणीला फी. दोघांचेही खरे होते. तेव्हा मी ही लांब वही विकत आणली आणि सांगितले, की सजावट मी करतो. फुले, केक आणि बाकीचे सगळे मिळून तीस हजारांच्या आत.

मला वाटले होते, की पाठाचे टाचण काढतो तसेच हे आहे. वहीत चार रकाने आखले : काम, कोण करणार, केव्हा, किती पैसे. निकाह मशिदीत असरनंतर आणि समारंभ मगरिबनंतर. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. मग साताला सगळे तयार हवे, म्हणून सहाला फुले बांधून हवीत, पाचला बांबू उभे हवेत, असे मी उलटे मोजत गेलो. ही पद्धत मात्र खरोखर उपयोगी आहे. समारंभाचे काम पुढून मागे मोजावे लागते.

एस.टी. स्टँडजवळ फुलांचे दुकान लावणाऱ्या एक मावशी आहेत. दुकान कसले, एक लाकडी बाकडे आणि वर ताडपत्री. त्यांच्याकडे देवळासाठी हार आणि दर्ग्यासाठी चादर एकाच रिळाच्या दोऱ्यातून तयार होते. एप्रिलच्या सुरुवातीला मी त्यांच्याकडे वही घेऊन गेलो.

तिथे पहिली अडचण भाषेची आली. मी मराठीचा शिक्षक, तरी अडखळलो. घरी आपण गेंदा म्हणतो, मावशी झेंडू म्हणतात. आपली गुलदाऊदी म्हणजे त्यांची शेवंती. आपला बेला म्हणजे मोगरा. पुस्तकात मी 'निशिगंध' शिकवतो, म्हणून तेच म्हणालो. मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुलछडी म्हणा की, मास्तर!" आमच्या अम्मीही गुलछडीच म्हणतात. एवढा एक शब्द दोन्ही घरांत सारखा निघाला.

मावशींनी मला बरेच शिकवले. मोगरा नेहमी कळीचा घ्यायचा, फुललेला नाही. पहाटे खुडलेली कळी संध्याकाळी आपोआप उमलते आणि तेव्हाच तिचा वास सुटतो. कळीवर पाणी मारायचे नाही, तपकिरी डाग पडतात. फडके भिजवून घट्ट पिळायचे आणि त्यात कळ्या गुंडाळायच्या. गुलाबाचे देठ तिरके कापायचे आणि लगेच बादलीत ठेवायचे. पाण्यात बुडणारी पाने आधी काढून टाकायची, नाहीतर ती कुजतात आणि पाणी खराब होते. झेंडू सगळ्यांत सोशीक. पण ओला असला तर कापडाला लागू द्यायचा नाही. हे शेवटचे वाक्य मी वहीत लिहिले नाही. पुढे त्याचा त्रास झाला.

मी भाव विचारले. मावशी म्हणाल्या, "आजचा भाव आजचा." मी तो आजचा भाव वहीत उतरवला, त्याला पाच किलोंनी गुणले आणि खाली दोन रेघा मारल्या.

लग्नाच्या चार दिवस आधी मी आगाऊ पैसे द्यायला गेलो, तर मोगरा जवळजवळ दुप्पट झाला होता. मी म्हणालो, "मावशी, हे काय? तुम्ही तर वेगळा भाव सांगितला होता!" मावशी हातातला हार पुरा करीत म्हणाल्या, "या आठवड्यात अक्षय्य तृतीया आहे, मास्तर. सगळीकडे लग्नं. तुम्ही चांद बघून तारीख धरली. फुलं पंचांग बघून महागतात."

खरेच होते. रमजान मेच्या अखेरीस येणार, त्याआधी निकाह व्हायला हवा, एवढेच आम्ही पाहिले होते. त्याच हवेत, त्याच बाजारात, दुसऱ्यांच्याही घरी लग्ने असतात हे माझ्या चार रकान्यांत कुठेच नव्हते. मावशींच्या बाकड्यावर मात्र एक दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्यावर त्यांनी मुहूर्त, उरूस, ईद, गणपती, नाताळ, सगळ्यांवर पेन्सिलीने गोल केले होते. फुलांच्या धंद्यात एकाच धर्माचे दिवस ठाऊक असून भागत नाही.

पाच किलो मोगरा आता परवडणार नव्हता. दोन किलो घेतला तर स्टेजच्या मागची भिंत रिकामी राहणार. मी घरी येऊन वही उघडून बसलो. अब्बा समोर होते. मी त्यांना काही सांगितले नाही. पण खोडलेले आकडे त्यांना दिसले असावेत. त्यांना मराठी वाचता येत नाही. आकडे सगळ्यांनाच वाचता येतात.

संध्याकाळी ते बाहेर गेले आणि रात्री खांद्यावर कापडाचा एक तागा घेऊन आले. जिथे त्यांनी शेवटची बारा वर्षे काम केले, त्या कारखान्यातून त्यांनी तो तीन दिवसांसाठी मागून आणला होता. मागावरून उतरलेल्या, अजून धुलाई किंवा रंगाई न झालेल्या कापडाला भिवंडीत 'ग्रे' म्हणतात. पण त्याचा रंग राखाडी नसतो. तो दुधाच्या सायीसारखा असतो. अब्बांनी तागा अंथरुणावर उलगडला, त्याच्या चुण्या घालून दाखवल्या आणि म्हणाले, "हे मागे लाव. पुढे थोडीच फुलं असली तरी दिसतील." मग त्यांनी बजावले, "कापड जसं आणलं तसंच परत द्यायचं आहे. डाग पडता कामा नये."

कल्याणलाही फुलांचा बाजार आहे, पण मोगऱ्यासाठी मावशींनी मला दादरला यायला सांगितले. रविवारी पहाटे त्या, त्यांचा मुलगा आणि मी कल्याणहून लोकलने निघालो. दादरला स्टेशनबाहेर पश्चिमेला, पुलाच्या आसपास, उजाडण्यापूर्वीच बाजार भरलेला असतो. मी पुष्कळदा दादरला गेलो होतो. पण त्या वेळी कधी नाही. पायाखाली ओली पाने, डोक्यावर टोपल्या घेऊन धावणारे हमाल, "बाजूला, बाजूला" असा ओरडा. पालघरकडच्या, विक्रमगड-जव्हारच्या गावांतून मोगऱ्याच्या कळ्या येतात. तिथल्या बायका अंधारातच कळ्या खुडायला लागतात, असे मावशींनी सांगितले. नाशिककडचे गुलाब वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, वीस-वीसचा एक बंच. प्लास्टिकची टोपी घातलेली जरबेराची फुलेही होती. ती मला शाळेच्या गणवेशातल्या मुलांसारखी वाटली.

मावशी भाव करताना फार थोडे बोलत. मूठभर कळ्या उचलायच्या, नाकाशी न्यायच्या, परत टाकायच्या आणि पुढे चालायला लागायचे. मग विक्रेताच मागून हाक मारी. मी एकदा मध्येच "चला, ठीक आहे" म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की पुढे मी फक्त पिशव्या धरल्या. दोन किलो मोगरा, गुलछडी, पाच बंच गुलाब आणि एक पोते झेंडू घेऊन आम्ही आठच्या आत परतीच्या गाडीत बसलो. डब्यात एका बाईने आम्हांला विचारले, "कोणाचं लग्न?" मावशी म्हणाल्या, "आमच्या मास्तरांच्या बहिणीचं." आमच्या, असे म्हणाल्या.

मावशींच्या गल्लीतल्या चार बायका आणि आमच्या शेजारच्या तिघी, अशा सात जणी आमच्या ओसरीवर ओवायला बसल्या. ओवण्याचे काम मी करून पाहिले. एका लडीला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मावशींच्या सुनेने पाच लडी केल्या, आणि माझी लड नंतर गुपचूप सोडवून पुन्हा ओवण्यात आली.

सेहऱ्यावरून थोडी कुरबूर झाली. घरातले काही वडीलधारे म्हणाले, सेहऱ्याची काही गरज नाही. मुलाकडच्यांनाही तो नकोच होता. अब्बा आग्रह धरून बसले नाहीत. नवऱ्यामुलाला साधा गुलाबाचा हार आणि बहिणीला मोगऱ्याचे गजरे असे ठरले. सेहऱ्यावरून नाराजी व्हायची ही काही पहिली वेळ नव्हे. सेहरा म्हणजे नुसती फुले नव्हेत, लग्नात वाचायच्या कवितेलाही सेहराच म्हणतात, हे तुम्ही उर्दूच्या तासाला शिकला असाल. १८५२ साली बहादूरशाह जफर यांचे पुत्र जवाँबख्त यांच्या लग्नासाठी गालिब यांनी सेहरा लिहिला. त्याच्या शेवटच्या शेरात बादशहाचे उस्ताद जौक यांना टोमणा दिसला. मग जौक यांनीही उत्तरादाखल सेहरा लिहिला आणि गालिब यांना खुलासा करणारी कविता लिहावी लागली. आमच्या घरी निदान कोणाला कविता लिहावी लागली नाही.

आता केकविषयी. केक ही आमची हौस नव्हती. नवऱ्यामुलाची सर्वांत लहान बहीण तेव्हा सहावीत होती. तिने फोन करून माझ्या बहिणीला विचारले होते, "भाभी, केक असेल ना? पांढरा, वरवर चढत जाणारा?" मामूंना ते पसंत पडले नाही. केक ही परक्यांची रीत, असे ते म्हणाले. तसे ते बरोबरच आहे. १८४० मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात जो पांढरा केक होता, त्याचे वजन सुमारे ३०० पौंड म्हणजे १३६ किलो होते. त्या काळी शुभ्र साखर महाग असे. केक जितका पांढरा तितके घर श्रीमंत. तिथून ही पद्धत पसरली. आपल्या देशातही केक फार जुना झाला आहे. केरळातल्या तलश्शेरी गावी मंबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने १८८३ च्या नाताळासाठी केक भाजला होता. शिवाय सहावीतल्या मुलीने इतक्या आशेने मागितलेल्या वस्तूला परकी कसे म्हणायचे? मी केक वहीत लिहिला.

आमच्या मोहल्ल्यातल्या बेकरीत माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. माझ्या तासाला तो खिडकीबाहेर पाहत असे आणि मी त्याला पुष्कळदा रागावलो होतो. त्या बेकरीत लाकडाची भट्टी आहे. आधी कडक आचेवर पाव भाजतात. मग आच उतरत जाते तशी नानखटाई आणि शेवटी केक. हे त्याने मला समजावून सांगितले. मी म्हणालो, तीन मजली केक कर. तो म्हणाला, "सर, दोन मजली करू. वरच्या मजल्याचं वजन खालच्यावर येतं. आत काड्यांचा आधार द्यावा लागतो आणि मध्ये पुठ्ठा. तीन मजले आपल्या रस्त्यावरून नेता येणार नाहीत." भिवंडीचे रस्ते मला ठाऊक होते. मी दोन मजल्यांना कबूल झालो.

मी विचारले, वर खरे गुलाब लावू या का? माझ्याकडे गुलाब होतेच. तो एकदम म्हणाला, "नाही सर. बाजारच्या फुलांवर औषध फवारलेलं असतं. ती खाण्याच्या वस्तूवर ठेवू नयेत. मी साखरेची करतो." हे मला सुचायला हवे होते. मी कीटकनाशकांवर निबंध लिहून घेणारा माणूस.

तो म्हणाला, "केक आठ वाजता पाठवतो." इथे मी चूक केली. माझ्या वहीत सगळे साताच्या आधी तयार हवे होते. मी म्हणालो, "नाही, साडेपाचला पाठव." तो म्हणाला, "सर, उकाडा आहे. क्रीम—" मी म्हणालो, "मी सांगतो तसं कर." तो गप्प बसला. वर्गातही तो असाच गप्प बसत असे.

दुपारी शेजारच्या मुलांनी हॉलमध्ये बांबू बांधले. शाळेच्या आवारातल्या अशोकाच्या झाडांची छाटणी करायचीच होती. मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्या फांद्या आम्ही आणल्या आणि वरच्या कडेला बांधल्या. खाली अब्बांचे कापड. त्याच्या चुण्या अब्बांनी स्वतः घातल्या, एकाही मुलाला हात लावू दिला नाही. दोन्ही बाजूंना गुलछडी आणि मधोमध मोगऱ्याच्या अकरा लडी. झेंडूची माळ दाराला लावायची होती. घाईत एका मुलाने पाण्याने शिंपडलेला झेंडूचा ढीग कापडाच्या टोकावर ठेवला. आम्ही तो उचलला तोपर्यंत कापडावर पिवळे पट्टे उमटले होते. मी ते टोक दुमडून खुर्चीमागे दडवले. अब्बांनी पाहिले नाही, असे मला वाटले.

केक साडेपाचला आला. सुरेख होता. पांढरा, त्यावर साखरेची लहान लहान फुले. मी तो स्टेजजवळच्या टेबलावर मांडला आणि निकाहासाठी मशिदीत गेलो.

सव्वासहाला हॉलमधली वीज गेली. पंखे थांबले. आम्ही मशिदीतून परत आलो तेव्हा जनरेटर सुरू करायची धडपड चालली होती. आत भट्टीसारखे झाले होते. वरचा मजला एका बाजूला कलू लागला होता आणि साखरेची दोन फुले घसरून खालच्या मजल्यावर आली होती. मी तिथेच उभा राहिलो. वहीत यासाठी रकाना नव्हता. सहावीतली ती मुलगी नवा फ्रॉक घालून टेबलासमोर उभी होती, आणि ती केककडे नव्हे, माझ्याकडे पाहत होती.

मी बेकरीत फोन केला. माझा विद्यार्थी सायकलवरून आला. त्याने मला एका शब्दानेही काही सुनावले नाही. हात धुतले, वरचा मजला पुठ्ठ्यासकट उचलला, काड्या काढल्या आणि तो मजला शरबताच्या बर्फाच्या पेटीवर ताटात झाकून ठेवला. खालच्या मजल्याची क्रीम चाकूने सारखी केली. मग त्या मुलीला म्हणाला, "तू ही फुलं धरून उभी राहा. हलू नकोस." ती श्वास रोखून उभी राहिली. आठ वाजता, वीज आल्यावर, त्याने दोन्ही मजले पुन्हा जोडले. फुले लावायचे काम त्या मुलीने केले. एक फूल वाकडे लागले. ते तसेच राहिले.

त्याच सुमारास मोगरा उमलला. दुपारभर त्या लडी हिरवट पांढऱ्या, मिटलेल्या होत्या, आणि मला मनातून शंका होती. सूर्य मावळल्यावर एकेक कळी उघडत गेली. हॉलमध्ये बिर्याणीचा वास होता, अत्तराचा होता. त्या सगळ्यांवर हा वास आला. लोक बोलता बोलता मागे वळून पाहू लागले. सायीच्या रंगाच्या कापडावर फुले खरोखरच भरपूर वाटत होती. एका पाहुण्याने विचारले, "हे कापड कुठून आणलं? फार भारी दिसतं." अब्बांना ऐकू आले नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन ते सांगितले. ते म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितले. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आले होते की काय, कोण जाणे.

मावशी आणि त्यांची सून जेवायला आल्या होत्या. रुखसतीच्या वेळी मावशींनी बहिणीच्या केसांतला सैल झालेला गजरा पुन्हा नीट केला. अब्बा जवळच होते. बहीण त्यांच्या गळ्याला लागली तेव्हा तिच्या गजऱ्यातल्या काही कळ्या त्यांच्या शेरवानीवर पडल्या. त्यांनी त्या झाडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल रिकामा करायचा होता. मोगऱ्याच्या लडी तपकिरी पडल्या होत्या. मावशींचा मुलगा टोपल्या न्यायला आला. मी जमिनीवर बसून हिशेब केला. फुले आणि ओवणावळ मिळून १२,३५० रुपये, केक ४,८००, बांबू, दोरी आणि भाडे ३,९००, बर्फ आणि शरबत ५,१५०. एकूण २६,२०० रुपये. मामूंच्या कागदात तर शरबत धरलेच नव्हते. सत्तर हजारांतून ४३,८०० उरले. अब्बांनी ते अम्मीकडे बहिणीच्या नावाने ठेवायला दिले. त्या वर्षी तिने बी.एड.ला प्रवेश घेतला. आता ती ठाण्याजवळ एका शाळेत विज्ञान शिकवते.

हिशेब झाल्यावर मी वही मिटत होतो. अब्बा कापडाची घडी घालीत होते. घडी घालता घालता ते त्या टोकाशी आले आणि थांबले. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला, मग हाताने कापड मोजले. मी म्हणालो, "अब्बा, मी धुऊन पाहतो." ते म्हणाले, "झेंडू आहे. जाणार नाही." म्हणजे त्यांना कालच दिसले होते.

त्यांनी डागाळलेला तुकडा कापून वेगळा केला आणि बाकीचा तागा घेऊन कारखान्यात गेले. तासाभराने परत आले आणि माझ्याकडून वही मागून घेतली. माझ्या एकूण बेरजेच्या खाली, दोन रेघांच्याही खाली, त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली : कापड, तीन मीटर. पुढे रक्कम. त्या वहीतली तेवढी एकच ओळ उर्दूत आहे.